मदत हवी आहे: रस्ता 'कॉरिडॉर' होतोय, सोमवारपर्यंत निवेदन द्यायचंय (बडोदा)

पिठूर_चांदणं (शुक्रवार, रात्री १०:४०)
घाईत लिहितेय, चुका पोटात घाला. आमच्या गावाबाहेरचा रस्ता रुंद करून कॉरिडॉर करणार आहेत. मधे डिव्हायडर, दोन्ही बाजूंना पेव्हर ब्लॉक, झाडं, दिवे. बैठकीत साहेब म्हणाले, रस्ता झाला की लोकल धंदा आपोआप वाढेल, तरी तुमच्या सूचना सोमवारपर्यंत लेखी द्या. सगळे दुकानदार माझ्याकडे बघायला लागले, कारण माझं अक्षर बरं आहे. लाल खूण थेट आमच्या मोटरवरून गेलीय. निवेदनात नेमकं काय लिहू? कुणाकडे मसुदा असेल तर टाका, गुजराती मी करून घेईन. प्लीज लवकर.

कोथरूडचा_जुना (१०:५८)
मोटर रस्त्यात लावलीच कशाला? दुसरीकडे पार्क करा. आमच्या गल्लीतही हीच रड आहे.

मांडवीचा_मामा (११:१०)
अभिनंदन भाऊ! रुंद रस्ता म्हणजे लक्ष्मी. आमच्याकडे ओल्ड पादरा रोडला काय होतं पूर्वी? आता बघा. निवेदन-बिवेदन सोडा, पुढच्या भिंतीला शटर लावून घ्या.

नकाशावाली (११:२५)
मामा, ती 'लिहितेय' म्हणतेय, भाऊ कुठून आला?
ताई, माहिती फार अपुरी आहे. जागा महापालिका हद्दीत आहे की बाहेर? मालकीची की भाड्याची? टीपी स्कीम लागू झालीय का, की नुसती रोड लाईन आखलीय? कागद कुठले आहेत? खूण कुणी केली आणि सोबत नोटीस दिली का? हे कळल्याशिवाय मसुदा देणं म्हणजे रोगी न बघता औषध लिहून देणं.

पिठूर_चांदणं (११:४१)
मोटर म्हणजे गिरणीची हो! दहा हॉर्सपॉवर. आमची पीठगिरणी आहे, इथे घंटी म्हणतात. जागा सासऱ्यांची. रस्त्याचं नाव देत नाही, अर्धं सासर याच रस्त्यावर आहे आणि त्यातले चौघं तरी हे वाचतात. पश्चिमेकडची जी गावं २०२० मध्ये हद्दीत आली त्यातलं एक. नोटीस नाही, दोन माणसं आली, टेप लावली, ओट्याच्या तिसऱ्या पायरीपासून आत लाल रंग मारून गेली. टीपी काय ते मला माहीत नाही.

राजवाड्याचा_भिया (११:५५, इंदूर)
भिया लोग, म्हणजे ताई, इंदूरचा अनुभव ऐका. आमच्या ए.बी. रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक साडेअकरा किलोमीटर बीआरटीएस झाला. २०१३ ला बस सुरू. मधोमध रेलिंग लावून बसची लेन. तेव्हाही असंच सांगितलं होतं, धंदा वाढेल, शहर बदलेल. बस छान चालायची, मी स्वतः कॉलेजला त्यानेच जायचो. पण समोरच्या दुकानात जायचं तर चौकापर्यंत जाऊन यू टर्न. माझ्या मावसभावाचं झेरॉक्सचं दुकान होतं, समोरच्या क्लासची पोरं गेली ती गेलीच. शेवटी २०२५ मध्ये हायकोर्टाने परवानगी दिली आणि कॉरिडॉर काढायला घेतला. तेव्हा पहिला प्रश्न डिव्हायडरचा विचारा, झाडं आणि दिवे नंतर.

मांडवीचा_मामा (शनिवार, सकाळी ७:१२)
इंदूरचं इंदूरला ठेवा. बडोद्यात आधी वाट झाली, मग बाजार आला. सयाजीरावांनी मियागाम ते डभोई रेल्वे टाकली तेव्हा बैल ओढायचे गाडी! म्हणून काय लोकांनी तक्रार केली? डभोईचा व्यापार त्यावरच वाढला.

नकाशावाली (७:४०)
मामा, ती १८६२ ची गोष्ट. सयाजीराव तेव्हा जन्मलेही नव्हते. ती नॅरोगेज खंडेरावांच्या काळातली.

मांडवीचा_मामा (७:४६)
गायकवाड ते गायकवाड. मुद्दा समजून घ्या.

दूरदेशी (७:५०)
मी नऊ वर्षं कॅनडात आहे, पण बडोद्याच्या प्रॉपर्टीवर लक्ष असतं. जंत्री, म्हणजे जमिनीचा सरकारी दर, १५ एप्रिल २०२३ पासून दुप्पट झालीच आहे, रस्ता झाला की भाव आणखी चढेल. तेव्हा विकून मोकळे व्हा. घेणाऱ्याला स्टँप ड्युटी ४.९ टक्के आणि वर १ टक्का नोंदणी, तो खर्च तुमचा नाही. गिरणीत आता काय उरलंय? सगळे पाकिटातलं पीठ आणतात.

पिठूर_चांदणं (८:१५)
विकायचं असतं तर इथे कशाला लिहिलं असतं? आणि पाकिटातल्या पिठाचं बाजरीला विचारा, आठ दिवसांत कडू होतं. माझ्याकडे रोज शंभराच्या आसपास डबे येतात. प्रश्न निवेदनाचा आहे.

नकाशावाली (८:५०)
आता थोडं उलगडतंय. मी नगररचनेत काम केलंय, नोकरी गुजरातेतच झाली, म्हणून सांगते.
तुमच्याकडे दोन रस्ते असू शकतात, म्हणजे कायद्याचे. पहिला टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, १९७६ च्या गुजरात कायद्याखाली. त्यात सरकार जमीन विकत घेत नाही. सगळ्यांचे तुकडे एकत्र धरतात, प्रत्येकाकडून कपात करतात, आपल्याकडे साधारण चाळीस टक्क्यांपर्यंत धरून चालतात, आणि उरलेला आखीव अंतिम प्लॉट परत देतात. मूळ तो ओपी, मिळालेला तो एफपी. मसुदा योजना मंजूर झाली की रस्त्यापुरत्या जमिनीचा ताबा आधीच घेता येतो, त्यामुळे 'अजून फायनल कुठे झालंय' म्हणून बसून राहिलात तर फसाल. दुसरा रस्ता रोड लाईन, १९४९ च्या महापालिका कायद्याचं कलम २१०. त्यात परत प्लॉट वगैरे काही नाही, रेषेच्या आतलं बांधकाम मागे घ्यायला लावतात आणि जागेची भरपाई देतात. पण ओटा किंवा पायऱ्या मुळात रस्त्याच्याच जागेवर असतील तर त्यांचे पैसे मागूही नका.
म्हणून निवेदनाचं पहिलं वाक्य एवढंच: ही खूण कुठल्या कलमाखाली केली आणि मोजणीचा नकाशा सहीसकट मिळावा. सातबारा आणि आठ-अ जोडा.

पिठूर_चांदणं (९:०५)
सातबारा नाहीये. जागा गामतळात आहे.

नकाशावाली (९:०९)
हे काल सांगायला हवं होतं!! गामतळ म्हणजे आपलं गावठाण, तिथे सातबारा नसतोच. मग तुमच्याकडे काय आहे? प्रॉपर्टी कार्ड? पंचायतीची आकारणी? पंचायतीची रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी?

पिठूर_चांदणं (९:३०)
आकारणीचा उतारा आहे, १९९१ पासूनची वेराबिलं, म्हणजे घरपट्टीची, सासऱ्यांनी पत्र्याच्या पेटीत दोऱ्याने बांधून ठेवलीत. रजाचिठ्ठी गिरणीच्या मागच्या खोलीची आहे, पुढच्या भागाची कोणी काढलीच नव्हती. मला वाटलं हे सगळ्यांचं असंच असतं.

नकाशावाली (९:३६)
सगळ्यांचं असंच असतं, म्हणून तर अडकतात. बिलांच्या झेरॉक्स काढा, पेटी कोणाच्या हातात देऊ नका.

सौ_गोत्री (९:४४)
गिरणीचं तोंड कुठल्या दिशेला आहे? दक्षिणेला असेल तर खूण पडली हे एका परीने बरंच झालं, आता दार बदलता येईल.

कोथरूडचा_जुना (१०:०२)
रस्त्यांबद्दल बोलायचं तर पुण्याचा जंगली महाराज रस्ता. सत्तरच्या दशकात केला, दहा वर्षांची हमी लिहून घेतली होती, आणि खड्डा शोधून सापडला नाही. निवेदनात हमीची अट घाला. बाकी सगळं गौण आहे.
अवांतर: बडोद्यात चांगली सेव उसळ कुठे मिळते? पुढच्या महिन्यात येतोय.

राजवाड्याचा_भिया (१०:२०)
काका, खड्डा नसून ग्राहकही नसेल तर हमीचं काय करायचं? आमच्या इथलं छप्पन दुकान बघा. २०२० मध्ये छप्पन दिवसांत नवं केलं, गाड्या बाहेर, लोक आत चालत. आज पाय ठेवायला जागा नसते. रस्ता रुंद केला नाही, उलट गाड्यांपासून सोडवला. धंदा चालणाऱ्या माणसावर चालतो, साठच्या स्पीडने जाणाऱ्यावर नाही.

मांडवीचा_मामा (१०:३१)
छप्पन दुकानात लोक खायला जातात. डबा घेऊन पीठ दळायला कोण चालत जाणार?

पिठूर_चांदणं (११:००)
मामांनी पहिल्यांदा कामाचं बोललं. दहा किलोचा डबा स्कूटरच्या पायाशी ठेवून बाया येतात. आत्ता समोरच्या सोसायट्यांतून सरळ रस्ता ओलांडून येतात. प्लॅन टेबलावर पसरला होता त्यात आमच्यासमोर डिव्हायडरला कटच नाही. मी काल स्कूटरवर जाऊन काटा बघितला, दोन कटांमधे साडेसातशे मीटर. म्हणजे समोरच्या बाईला दळणासाठी जाऊन-येऊन दीड किलोमीटर जादा. ती जवळची दुसरी घंटी शोधेल.
अजून एक अडचण. आमच्या दुकानदार मंडळाला निवेदनात पहिला मुद्दा 'लारीवाल्यांना (म्हणजे हातगाडीवाल्यांना) उठवा' हा हवाय. मला नकोय. दळण होईपर्यंत बाया समोरच्या लारीवरून भाजी घेतात, कोणी चहा पितं. लारी गेली तर त्या डबा टाकून घरी जातील आणि संध्याकाळी नवऱ्याला पाठवतील, आणि नवरे डबे बदलून नेतात.

नकाशावाली (११:२४)
डबे बदलून नेणारे नवरे आमच्याकडेही आहेत.
लारीचं मंडळाला असं सांगा की २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं देईपर्यंत कुणाला हटवता येत नाही, तेव्हा 'उठवा' लिहून काही होणार नाही. त्याऐवजी पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यात लारीसाठी आखलेली जागा मागा. भांडण वाचेल.
कटाचं मात्र जोरात लिहा. आणि नुसतं 'आमचं नुकसान होईल' लिहू नका, ते प्रत्येकजण लिहितो आणि साहेब वाचत नाहीत. उद्या रविवार आहे, दारात बसून मोजा: किती डबे आले, त्यातले समोरून किती. आकडा खोडायला त्यांनाही मोजावं लागतं.

पावसाळी (दुपारी १:१५)
कोणी लेव्हलचं बोललं का? माझं स्टेशनरीचं दुकान आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. माझ्या वडिलांच्या वेळी दोन पायऱ्या चढून दुकानात यायचं. दर वेळी जुन्यावर नवा थर, आता एक पायरी उतरून यावं लागतं. ३१ जुलै २०१९ ला गुडघाभर पाणी आत होतं, ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा वह्यांचे गठ्ठे फुगून रॅक फुटली. निवेदनात लिहा की जुना थर खरवडूनच नवा टाकावा आणि पाण्याचा निकाल कुठल्या बाजूला ते दाखवावं. पिठाला पाणी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

पिठूर_चांदणं (१:२०)
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. थँक्यू दादा.

कोथरूडचा_जुना (२:०५)
सेव उसळीचं राहिलं.

मांडवीचा_मामा (२:११)
या हो, मी नेतो. पण मिसळ समजून खाऊ नका. पांढरा वाटाणा, वर सेव, तरी वेगळी, सोबत पाव. पुण्याच्या लोकांना तिखट झेपत नाही.

कोथरूडचा_जुना (२:१४)
कोण म्हणतं झेपत नाही?

*(यापुढचे अकरा प्रतिसाद 'मिसळ की सेव उसळ' या नव्या धाग्यात हलवले आहेत. - संपादक)*

पिठूर_चांदणं (सोमवार, रात्री ९:३०)
दिलं निवेदन. पोच घेतली, शिक्का आहे, फोटो काढून ठेवला. रविवारी नणंदेचा मुलगा खडू घेऊन ओट्यावर बसला, येईल त्या डब्याला रेघ. ११२ डबे, त्यातले ७१ समोरून. पत्राला ते पान जोडलं. साहेबांनी बाकीचं चाळलं, पण त्या पानावर थांबले. म्हणाले, हे सगळे रोज ओलांडतात? मी म्हटलं, रोज. मग म्हणाले, बघू. मंडळातल्या दोघांनी लारीवरून तोंड वाकडं केलंय, ते निस्तरीन. खूण कुठल्या कलमाखाली हे विचारल्यावर 'रोड लाईन' असं तोंडी सांगितलं, लेखी नाही. मोजणीला बोलावतील.

नकाशावाली (९:४८)
लेखी मिळेपर्यंत दर आठवड्याला जा. आणि वीज मीटर व थ्री फेजचा पोल हलवायचा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकात धरायला सांगितलं ना?

पिठूर_चांदणं (९:५५)
ते राहिलं. उद्या पुरवणी देते.
आता खरी अडचण. कट मिळो न मिळो, मोटर मागे घ्यावीच लागेल असं वाटतंय, निदान सहा फूट. फाउंडेशनचे जुने बोल्ट काढून वापरता येतात का?

चक्कीवाले_काका (१०:३०, ग्वाल्हेर)
बेटा, जुने बोल्ट नको. दळताना मोटर थरथरते, गंजका बोल्ट एक दिवस तुटतो आणि पट्टा उडतो. माझ्या डाव्या मनगटावर खूण आहे. नवा खड्डा, नवं काँक्रीट, नवे बोल्ट. अठ्ठावीस दिवस पाणी मार, मगच मशीन चढव. लोक आठ दिवसांत चढवतात आणि मग भिंतीला तडे का गेले विचारतात.

पिठूर_चांदणं (१०:३४)
अठ्ठावीस दिवस बंद? काका, दसऱ्यापासून भाजणीची रांग लागते.

चक्कीवाले_काका (१०:४१)
बंद कशाला? मागचं फाउंडेशन आधी ओत, जुनं पुढे चालू दे. पण आजच ओत.