अनुभव धागा : घरचे नियम टेबलाला कसे पटवता?

मंडळी, आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या गोष्टीच्या खेळाची टेबलं, म्हणजे खेळणाऱ्यांचे गट, बहुतेक ओळखीपाळखीतून जमलेली असतात. एक खेळाडू रुसून उठला तर त्याच्या जागी दुसरा पटकन मिळत नाही. म्हणून डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) घरचा नियम, म्हणजे पुस्तकी नियमात आपण केलेला बदल, नुसता जाहीर करून भागत नाही, तो पटवावा लागतो.

नियम कोणता, आडवं कोण आलं, त्याचं म्हणणं काय होतं आणि कोणत्या बदलावर गाडी पुढे सरकली, एवढं लिहा. पुस्तकी नियम २०१४च्या आवृत्तीतला की २०२४च्या, हे आवर्जून सांगा.

सांगली, विश्रामबाग

१ पडला की फजिती, हा नियम घ्या. पुस्तकात वीस बाजूंच्या फाशावर १ म्हणजे वार चुकला, एवढंच. घरच्या नियमात तलवार निसटते, नाहीतर सोबत्यालाच वार बसतो. आडवा येतो तो फायटर, म्हणजे शस्त्राने लढणारं पात्र घेतलेला खेळाडू. त्याचं ऐका, कारण त्याचं गणित बरोबर असतं. पाचव्या लेव्हलला (पात्राच्या अनुभवाच्या पायरीला) तो एका टर्नमध्ये दोन वार करतो. त्यात एकदा तरी १ पडायची शक्यता ९.७५ टक्के. अकराव्या लेव्हलला वार तीन होतात आणि शक्यता १४ टक्क्यांवर जाते. पाचव्याच लेव्हलला चार फेऱ्यांची लढाई धरली तर किमान एक फजिती व्हायची शक्यता साधारण ३४ टक्के. जितका कसलेला तितका धांदरट, असं उलटंच होऊन बसतं. विझार्ड (जादूगार) फायरबॉल हा स्पेल (मंत्र) टाकतो तेव्हा तर हल्ल्याचा फासाच नसतो, सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, समोरचे टाकतात. त्याची फजिती कधी होणारच नाही.

चालणारा मसुदा असा: फजिती टर्नमधल्या पहिल्याच वाराला लागू. परिणाम एकच, पुढच्या टर्नपर्यंत रिॲक्शन (एखाद्या घटनेला उत्तर म्हणून करायची झटपट कृती) नाही. शस्त्र तुटणं आणि सोबत्याला लागणं बाद. सेव्हिंग थ्रोच्या स्पेलला पहिल्या लक्ष्याच्या फाशावर २० पडले तर स्पेल टाकणाऱ्याचीही रिॲक्शन जाते. राक्षसांनाही हेच सगळं. हा शेवटचा मुद्दा आधी वाचून दाखवा, निम्मा विरोध तिथेच मावळतो.

सातारा, शाहूपुरी

तोंडी नियम कधीच पटत नाही, कारण प्रत्येकाच्या डोक्यात तो वेगळा असतो. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या आणि एका कागदावर एकच नियम लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: पुस्तकात काय आहे, आपण काय करणार, कशासाठी. नमुना देते:

"पुस्तकात (२०१४) हीलिंग पोशन (जखम भरणारं औषध) प्यायला पूर्ण ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) लागते. आपल्याकडे बोनस ॲक्शनमध्ये (जोडीच्या छोट्या कृतीत) प्यायलं तर फासे टाकायचे, चार बाजूंचे दोन अधिक २. पूर्ण ॲक्शन खर्च केली तर फासे न टाकता सरळ १०. दुसऱ्याला पाजायला पूर्ण ॲक्शनच, पण तीही सरळ १०. कशासाठी: जखमी माणसाची पूर्ण टर्न सरासरी ७ हिट पॉइंटसाठी (जीवाच्या गुणांसाठी) वाया जाऊ नये."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. अडचण मान्य झाली की उपायावर बोलणी होतात. अडचणच मान्य नसेल तर कितीही गोड नियम आणा, उपयोग नाही. यात नाराज होईल तो दोन शस्त्रं घेऊन लढणारा, कारण २०१४च्या नियमांत त्याची बोनस ॲक्शन दुसऱ्या शस्त्रात जाते. "सरळ १०" हा पर्याय त्याच्यासाठीच ठेवलाय, हे त्याला समोर बसवून सांगा. २०२४च्या पुस्तकाने बोनस ॲक्शनमध्ये प्यायला आणि पाजायला दोन्हीला मुभा दिली आहे. तिथे या कार्डातला "सरळ १०" एवढाच भाग घरचा उरतो.

कराड

ताईंच्या कार्डाला अनुमोदन. मी फ्लँकिंगबद्दल सांगतो. शत्रूच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना आपले दोघे उभे राहिले की ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा), हा २०१४च्या डीएम पुस्तकातला ऐच्छिक नियम. चौकटीचा कागद आणि मिनी (पात्रांच्या छोट्या मूर्ती) वापरणाऱ्यांना तो मोहात पाडतो. आडवा येतो बार्बेरियन, म्हणजे बेभान लढणारं पात्र घेतलेला. त्याच्या रेकलेस अटॅकमध्ये (बेफिकीर वारात) ॲडव्हान्टेज मिळतं, पण बदल्यात शत्रूलाही त्याच्यावर ॲडव्हान्टेज मिळतं. तेच बाकीच्यांना नुसतं उभं राहून फुकट मिळालं तर त्याच्या क्लासची (पात्राच्या प्रकाराची) किंमत काय राहिली?

आकडा दाखवा. ११ किंवा वर लागत असेल तर साध्या फाशाला ५० टक्के, ॲडव्हान्टेजला ७५. म्हणजे थेट +५ मिळाल्यासारखंच. त्याऐवजी फ्लँकिंगला +२ द्या: ५० चे ६० होतात, आणि बार्बेरियनला रेकलेसच्या वर हे +२ मिळतात. विरोध करणाऱ्याचाच थोडा फायदा होतो, त्यामुळे तोच मग बाकीच्यांना पटवतो. जागेची व्याख्या मात्र कागदावर चित्र काढून ठरवा. मोठा राक्षस चार चौकटी व्यापतो, तिथे समोरची बाजू कोणती यावर हमखास वाद होतो.

मिरज

वजनाचा हिशेब कुणालाच नको असतो. पुस्तकी हिशेब पौंडात: स्ट्रेंग्थ (पात्राच्या ताकदीचा आकडा) गुणिले १५. स्ट्रेंग्थ १० म्हणजे १५० पौंड, अंदाजे ६८ किलो. ज्याने अजिंक्यताऱ्याची चढण पाठीवर सॅक घेऊन एकदा चढली आहे त्याला ही ६८ किलो पटत नाहीत, आणि तिथूनच बोलायला सुरुवात करावी.

घरचा नियम: स्ट्रेंग्थ जेवढी तेवढे कप्पे. एका कप्प्यात एक मोठी वस्तू. दोर ५० फूट एक कप्पा, भरलेली पाण्याची पिशवी एक, पाच दिवसांची शिदोरी एक, पाच मशाली एक. जड चिलखत तीन. अंगावरचे कपडे आणि छोट्या पिशवीतली नाणी मोजायची नाहीत.

स्ट्रेंग्थ ८ वाला विझार्ड लगेच बोलतो. त्याला स्पेलबुक आणि मंत्रांच्या सामानाची थैली मोफत द्या, बाकी आठ कप्पे पुरतात. दुसरी सवलत म्हणजे खेचर: आणखी २० कप्पे, पण खेचराला बुरुजावर चढता येत नाही. आता दोर कुणी घ्यायचा यावर पार्टी आपापसात बोलायला लागते. नियम त्यासाठीच होता. शीटवर (पात्राच्या नोंदींच्या कागदावर) रकाने आधीच आखून द्या. खेळाडूला आखायला सांगितलं तर तो नियम विसरला जातो.

सांगली, गावभाग

सगळ्या नियमांना बहुमत चालत नाही. कॅरेक्टर मरण्याबद्दलचा नियम असेल तर एकाचा नकारही पुरेसा मानावा, आणि तो नकार चिठ्ठीवर घ्यावा. चारचौघांत "मला नको" म्हणायला जड जातं.

उदाहरण डेथ सेव्ह लपवण्याचं, म्हणजे शून्य हिट पॉइंटवर पडलेल्याने जगण्यासाठी टाकायचे फासे लपवण्याचं. १० किंवा वर यश, खाली अपयश; तीन यशांना वाचला, तीन अपयशांना मेला. १ म्हणजे दोन अपयशं, २० पडले तर १ हिट पॉइंटवर उठला. फासे उघडे असले की सोबती निवांत राहतात, "अजून एकच अपयश आहे, पुढच्या टर्नला बघू" म्हणतात. लपवल्यावर धावतात. पण डीएमने स्वतः फासा टाकायचा म्हटलं तर खेळाडू बिथरतो, कारण पडलेल्या माणसाच्या हातात तेवढंच काम असतं. फासा त्यालाच टाकू द्या, डीएमच्या पडद्यामागे, दोघांनीच बघायचा. मोजणी शीटवर नको, पडद्यामागे दोन रंगांच्या मण्यांनी ठेवा.

वाई

वेळेबद्दल थोडं. चालू लढाईत नवा नियम आणायचा नाही, म्हणजे नाहीच. तिथे डीएमने तात्पुरता निर्णय द्यावा, वहीत टिपावा आणि सेशन संपल्यावर दहा मिनिटं काढावीत. शेवटची एसटी गाठणारे असतील तर ती दहा मिनिटं पुढच्या सेशनच्या सुरुवातीला. "पुस्तकात नाही" म्हणणाऱ्याला कॅरम आठवून द्या: राणीचं कव्हर कसं घ्यायचं ते गल्लीगणिक वेगळं, पण पहिला स्ट्रायकर मारण्याआधी विचारून घेतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. मुदतीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. नवा नियम तीन सेशनपुरता घ्या आणि संपायची तारीख कार्डावरच लिहा. तारखेला कुणी "राहू दे" म्हटलं नाही तर तो आपोआप रद्द. नको म्हणणाऱ्याला दर वेळी भांडावं लागत नाही, नियम हवा असणाऱ्यालाच तोंड उघडावं लागतं. एका वेळी दोनपेक्षा जास्त नियम चाचणीला नकोत, नाहीतर लढाई कशामुळे लांबली ते कळत नाही. आणि नियम बसवताना किंवा काढताना कुणाची फीट (पात्राने निवडलेली खास कला) वा स्पेल निकामी झाली, तर त्याला ती त्याच लेव्हलवर फुकट बदलून द्या. हे पहिल्याच कार्डाच्या पाठीमागे लिहून ठेवा.