गॅलरीतल्यांना शिस्त लावा म्हणे! आणि खाली बसलेल्यांना?

धायरीफाटा
काल अण्णा बिबवेवाडी यांची लांबलचक पोस्ट वाचली. ज्यांची चुकली त्यांच्यासाठी सार देतो. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेला, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेला, प्रेक्षक गॅलरीत येणाऱ्यांना ताळ्यावर आणायला हवं, मोबाईल दाराशी जमा, टाळी नाही, घोषणा नाही, फलक नाही, एकदा आवाज केला की वर्षभर पास बंद, आणि नागरिकांना सभागृहात बोलू द्या ही मागणी म्हणजे 'चव्हाट्यावरचा कारभार'. खाली लोकांनी रांगेने हात जोडलेत. मी हे बसमध्ये उभ्याने वाचलं आणि माझा स्टॉप गेला, दोन स्टॉप उलटा चालत आलोय, त्यामुळे आता सविस्तर लिहिणारच.

अण्णा, वर आवाज होतो तो खाली काय चाललंय ते बघून होतो हो. खाली माननीय, म्हणजे नगरसेवक, काय करतात? महापौरांच्या आसनासमोर गोळा होतात, मानदंड (सभागृहाच्या अधिकाराची ती काठी) उचलून पळतात, पाण्याचा विषय असला की रिकामे हंडे घेऊन येतात आणि कॅमेरे गेले की हंडे तिथेच सोडून चहाला जातात. नाहीतर शोकप्रस्ताव मांडायचा आणि सभा तहकूब. गेलेल्या माणसाबद्दल आदर आहेच, पण श्रद्धांजली वाहून काम करता येत नाही का? आमच्या घरात सुतक असतं तेव्हाही कचरा रोज निघतो.

आणि शांतताच हवी असेल तर ती मिळाली की तुम्हाला. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक हेच स्थायी समिती आणि प्रशासक हेच मुख्य सभा. विषय मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. ना गॅलरी, ना गोंधळ. तेव्हा तुमच्या बिबवेवाडीचे रस्ते गुळगुळीत झाले का?

माझं म्हणणं एवढंच, लोक ओरडतात कारण त्यांना बोलायला जागाच ठेवलेली नाही. २००९ ला कायद्यात क्षेत्र सभा आली, म्हणजे मतदारांनी बसून नगरसेवकाला विचारायचं. तुमच्या प्रभागात एकतरी झालेली पाहिलीत का?

अण्णा बिबवेवाडी
माझं नाव घेऊन धागा काढलाच आहे तर उत्तर देतो. एक, मी माननीयांची बाजू घेतलेली नाही, माझी पोस्ट गॅलरीबद्दल होती. शेजाऱ्याचं घर अस्वच्छ आहे म्हणून आपण आपला केर अंगणात टाकायचा नसतो.

दोन, १३ डिसेंबर २०२३ विसरलात काय? लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीतून दोघांनी खाली उड्या मारल्या आणि पिवळा धूर सोडला. पास खासदाराच्या शिफारशीवर मिळालेले होते. त्यानंतरही कुणी 'मोबाईल कशाला जमा करायचा' म्हणत असेल तर धन्य आहे.

तीन, याच शहराच्या नगरपालिकेत १८७६ ते १८८२ महात्मा फुले सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळायचे ठरले तेव्हा त्यांनी एकट्याने विरोधी मत दिलं. घोषणा नाही, हंडा नाही. ते आजही लोकांच्या लक्षात आहे आणि तुमच्या घोषणा संध्याकाळपर्यंत कुणाला आठवत नाहीत.

धायरीफाटा
फुले सभासद होते अण्णा, खाली बसले होते, त्यांना मत होतं म्हणून मत दिलं. त्यांना गॅलरीत बसवून 'गप्प बसा नाहीतर पास रद्द' म्हणाला असतात तर काय झालं असतं ते बघायला मला आवडलं असतं.

निवृत्त लेखनिक
दोघांनीही जरा दमानं घ्या. मी नगरसचिव कार्यालयात, म्हणजे सभांचं कामकाज बघणाऱ्या खात्यात, बावीस वर्षं काढली, गाव सांगत नाही, पुणे नव्हे. नियम नाहीत असं समजून भांडताय, नियम आहेत. १९४९ च्या महापालिका अधिनियमाच्या अनुसूचीत कामकाजाचे नियम आहेत. सभा लोकांना खुली असते, हजर सभासदांनी बहुमताने ठरवलं तरच दार बंद करून चर्चा. गैरवर्तन करणाऱ्या सभासदाला अध्यक्षस्थानी असेल तो बाहेर काढू शकतो, पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा काढायची वेळ आली तर पंधरा दिवसांपर्यंत निलंबन, आणि फारच धुमाकूळ झाला तर सभा तीन दिवसांपर्यंत स्थगित. सगळं छापील आहे. महापौर ते वापरत नाहीत कारण आज ज्याला बाहेर काढायचं त्याचं उद्या उपसूचनेला (ठरावातल्या दुरुस्तीला) मत हवं असतं.

गोंधळ झाला की आम्ही इतिवृत्तात कंसात '(गोंधळ)' एवढंच लिहायचो. एकदा एका पानावर सात वेळा लिहिलंय. कोण काय म्हणालं ते कुणालाच ऐकू यायचं नाही, तरी प्रत्येक माननीय दुसऱ्या दिवशी येऊन 'माझं वाक्य घातलं नाहीत' म्हणून भांडायचे.

गॅलरीतला मात्र एकच माणूस माझ्या लक्षात राहिलाय. घोषणा नाही, काही नाही, फक्त घरच्या नळाचं पाणी भरलेली बाटली त्याने कठड्यावर ठेवली. चहाच्या रंगाचं. शिपायाने बाटली काढून घेतली, माझ्याकडे आणून दिली, मी टेबलाखाली ठेवली आणि विसरलो. तीन महिन्यांनी सापडली तेव्हा गाळ तळाशी बसून वरचं पाणी नितळ झालेलं. साहेब बघून म्हणाले, चांगलं तर आहे की.

टेकडीवाला
बाटलीच्या गोष्टीला +१. बाकी शिस्तीचं म्हणाल तर आपल्या महापालिकेच्या नव्या इमारतीनेच पाळली नव्हती. २१ जून २०१८, उपराष्ट्रपती उद्घाटनाला आलेले आणि कार्यक्रम चालू असताना सभागृहाच्या छतातून पाणी गळायला लागलं. छताचा पास किती दिवस बंद केला?

वडगावशेरीची मावशी
मी पण एकदा शहाणपणा केला होता. शिवाजीनगरच्या बाजूला नागरिकांची बैठक होती, ड्रेनेजचा विषय, मी कागदावर चार मुद्दे लिहून नेले. आत दीड तास बसवलं, माझा नंबर यायच्या आत 'वेळ संपली'. बाहेर आले तर गाडी उचलून नेलेली! म्हणजे बोलूही दिलं नाही आणि वर दंडही घेतला. आधी पार्किंगचं बघा, मग लोकशाहीचं.

पेठेतला पोपट
मावशी, रामवाडीहून थेट मेट्रो आहे, सिव्हिल कोर्टाला उतरायचं. गाडी आणलीत कशाला?

वडगावशेरीची मावशी
आणि रामवाडी स्टेशनपर्यंत काय तू खांद्यावर बसवून नेणारेस? तिथे गाडी लावायची म्हटलं तरी तोच प्रश्न. रिक्षावाला दोन किलोमीटरला 'तिकडे येणार नाही' म्हणतो.

टेकडीवाला
स्टेशनपर्यंत नेणारी फीडर बस आहे ना. मी स्वतः जातो बसने.

वडगावशेरीची मावशी
तुमच्याकडे असेल. आमच्याकडे तिची वाट बघत बसणं हाच एक कार्यक्रम असतो.

अण्णा बिबवेवाडी
नो पार्किंगमध्ये गाडी लावली तर उचलणारच. नियम सगळ्यांना सारखे. हेच तर मी म्हणतोय.

वडगावशेरीची मावशी
नो पार्किंगची पाटी झाडाच्या फांदीत होती हो अण्णा! पान बाजूला करून वाचायची होती का? फोटो आहे माझ्याकडे. आणि माझ्या पुढे उभी असलेली मोठी पांढरी गाडी, काळ्या काचावाली, ती तशीच उभी. सारखे म्हणे.

पेठेतला पोपट
पार्किंगचं राहू दे, मूळ मुद्द्यावर मी अण्णांच्या बाजूने. 'नागरिकांना दोन मिनिटं बोलू द्या' हे ऐकायला गोड आहे, पण आपल्या लोकांना ओळखता ना? आमच्या सोसायटीची वार्षिक सभा, ४८ फ्लॅट. विषयपत्रिकेवर लिफ्टचा खर्च. एक काका उभे राहिले आणि शेजारच्या आंब्याच्या फांदीवर पस्तीस मिनिटं बोलले. फांदी कशी आली, कुणी लावली, कैऱ्या कुणाच्या, १९९४ च्या कमिटीने काय शब्द दिला होता. अध्यक्ष म्हणाले बसा, तर 'माझा आवाज दाबला जातोय'. शेवटी बायका उठून स्वयंपाकाला गेल्या, गणसंख्या गेली, लिफ्ट अजून बंद आहे. मी चौथ्या मजल्यावर राहतो. आता हेच १६५ नगरसेवकांच्या सभेत लाखो मतदारांच्या जोरावर करून बघा. दरवेळी तेच पाच निवृत्त लोक येणार, आणि ज्याला खरंच पाणी येत नाही तो त्या वेळी कामावर असणार.

धायरीफाटा
हा शेवटचा मुद्दा बरोबर आहे, नाईलाजाने मान्य करतो. पण मग सभा संध्याकाळी ठेवा, माणसं का गप्प करताय?

सॅनहोजेचा सदा
मूळचा सहकारनगरचा, म्हणून बोलतो. १९९२ पासून सॅनहोजे आणि पुणे ही भगिनी शहरं आहेत, म्हणजे मावसभावाने सल्ला दिला तर रागावू नका. इकडे कॅलिफोर्नियात १९५३ चा ब्राउन ॲक्ट आहे, कौन्सिलला कार्यपत्रिकेवरच्या विषयावर लोकांचं ऐकावंच लागतं. चिठ्ठी भरायची, नाव पुकारलं की माईकपाशी जायचं, साधारण दोन मिनिटं, समोर घड्याळ उलटं मोजत असतं. टीका केली म्हणून थांबवता येत नाही. इकडच्याच सांताक्रूझ शहरात एका माणसाने महापौरांना उद्देशून नाझी सॅल्यूट केला, तोंडातून शब्द नाही, तरी त्याला बाहेर काढून अटक केली. तो कोर्टात गेला आणि २०१० ला अपील कोर्टाने सांगितलं की प्रत्यक्ष व्यत्यय आला का हे बघा, मनाला लागलं एवढं पुरत नाही. उलट बाजूही सांगतो, कोविडनंतर इथे लोक फारच अंगावर यायला लागले म्हणून २०२२ ला कायद्यात बदल केला, आधी ताकीद, नाही थांबला तर बाहेर.

पेठेतला पोपट
तिकडून सल्ले द्यायला काय जातंय. तिकडे पाणी दोन वेळा येतं का विचारा आधी.

सॅनहोजेचा सदा
पाणी चोवीस तास येतं रे. म्हणून तर लोक कौन्सिलपुढे पार्किंगवर भांडतात.

वडगावशेरीची मावशी
बघा!! मी काय म्हणत होते!

अण्णा बिबवेवाडी
सदा यांच्या त्या मोठ्या पोस्टचं शेवटचं वाक्य धायरीफाटा यांनी पुन्हा वाचावं. आधी ताकीद, मग बाहेर. मी वेगळं काय लिहिलं? आणि ज्यांना खरंच काम करायचं होतं त्यांच्यासाठी सोय होतीच की. सोमवारी दुपारी ३ ते ५ महापालिकेच्या फायली बघता यायच्या, ही पद्धत पुण्यानेच सुरू केली होती. मी गेलोय. किती लोक असायचे तिथे? ओरडायला सगळे, कागद वाचायला कुणी नाही. धायरीफाटा, तुम्ही कधी गेलात का?

धायरीफाटा
सोमवारी ३ ते ५ मी नोकरी करतो. तुमच्यासारखी पेन्शन नाही मला.

अण्णा बिबवेवाडी
पेन्शनवर येऊ नका. ३४ वर्षं तिन्ही शिफ्ट केल्यात, कुणी भीक घातलेली नाही.

धायरीफाटा
आणि आम्ही ओरडतो ते हौस म्हणून का? माझ्या आईने आमच्या भागातल्या एका क्षेत्रीय कार्यालयात खड्ड्याचा अर्ज दिला, तीन वेळा. तिसऱ्या वेळी टेबलावरचा माणूस म्हणाला, आजी, सारखं सारखं येत जाऊ नका. तिने आवाज चढवला नाही अण्णा, तिला येतच नाही. त्याच खड्ड्यात पडून मनगट मोडलं. प्लास्टर असताना पोळ्या मी लाटत होतो. तेव्हा 'चव्हाटा' वगैरे शब्द जरा जपून वापरा.

निवृत्त लेखनिक
अहो, आईंचं मनगट आता कसं आहे?

धायरीफाटा
बरं आहे. पण मूठ पूर्ण वळत नाही. विचारल्याबद्दल थँक्यू.

अण्णा बिबवेवाडी
आईंचं वाईट वाटलं. तो शब्द मागे घेतो, बाकी पोस्ट नाही. ठीक आहे, द्या दोन मिनिटं. पण आधी नावनोंदणी, कार्यपत्रिकेवरचाच विषय, एका सभेला दहाच माणसं, आणि दोन मिनिटं झाली की माईक आपोआप बंद. आंब्याची फांदी चालणार नाही.

धायरीफाटा
मंजूर! फक्त तोच आपोआप बंद होणारा माईक माननीयांच्या बाकावरही बसवा. एक बैठक तासाभरात संपेल, नगरसचिवांना विश्रांती मिळेल.

निवृत्त लेखनिक
माईक बंद झाला तरी फरक पडत नाही. आमच्याकडे एका माननीयांचा आवाज असा होता की माईक चालू केला की उलट कमी ऐकू यायचं.

पेठेतला पोपट
अण्णा फिरले! आता मी एकटाच उरलो का विरोधात? म्हणजे मी फुले.

टेकडीवाला
फुल्यांनी हजार रुपये वाचवायला मत दिलं होतं, तू लिफ्टचा खर्च तरी पास करून घे.

वडगावशेरीची मावशी
माझ्या चार मुद्द्यांचा कागद अजून डिकीत आहे, दंडाच्या पावतीबरोबर. दोन मिनिटं मिळणार असतील तर मी पहिली. आणि मावशीला न्यायला येणार कोण ते आत्ताच ठरवा, गाडी मी आणणार नाही.

टेकडीवाला
फीडर बस.

वडगावशेरीची मावशी
तू गप रे.