विदर्भातल्या घरात कूलर की एसी? आधी स्लॅबकडे बघा

तिसरा मजला, नागपूर
आमच्या बिल्डिंगमध्ये यंदा मार्चपासूनच घरोघरी एसी बसू लागलेत. माझं मत सरळ आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पहिला खर्च डोक्यावरच्या स्लॅबवर, दुसरा कूलरवर, आणि एसी घ्यायचाच तर सगळ्यात शेवटी, एका खोलीपुरता.

मे महिन्यात पारा ४५ वर जातो, पण हवा कोरडी ठणठणीत असते. कूलरचं सगळं काम त्या कोरडेपणावरच चालतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून जवळपास पाऊण युनिट विजेइतकी उष्णता ओढून घेतं. आपल्याला वीज लागते ती फक्त पंख्याला आणि पंपाला, साधारण २०० वॅट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात दीड हजार वॅट घेतो. ४५ ची हवा कूलरच्या बाजूंना लावलेल्या ओल्या गवताच्या ताट्यांतून २८-३० ची होऊन येते. मात्र कूलर खिडकीबाहेर हवा आणि समोरचं दार किलकिलं हवं. बंद खोलीत ठेवाल तर अंग चिकचिकणारच.

आणि स्लॅब! गेल्या वर्षीपर्यंत रात्री अकरा वाजता पलंगावर उभं राहून छताला हात लावला तर नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखं लागायचं. होळीनंतर गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारले. आता छत कोमट लागतं, पण भाजत नाही. असलं छत तसंच ठेवून एसी लावणं म्हणजे रात्रभर त्या स्लॅबशी भांडत बसणं.

लेक, अकोला
दादा, तुमचं म्हणणं तब्येत धड असलेल्या माणसांसाठी ठीक आहे. माझे बाबा ७८ वर्षांचे, हृदयाचे पेशंट. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ चार-पाच दिवसांनी येतो. मोठा कूलर तासाला आठ लिटर पाणी पितो, चौदा तास चालला की शंभराच्या वर गेलं. ते बादल्यांनी भरते मी. डेंग्यूच्या डासांमुळे दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासायची. ते पाणी ओतून देताना जीव तुटतो. पंपावर क्षाराचा पांढरा थर चढतो, मग निम्मी ताटी कोरडीच राहते.

शिवाय जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कूलर नुसती ओली हवा फेकतो. त्या दिवसांत बाबांना श्वास जड होतो. गेल्या वर्षी त्यांच्या खोलीत एसी घेतला. २६ वर ठेवते, वर पंखा हळू. बिल ३०० युनिटच्या वर गेलं, दर वाढला, कबूल. पण बाबा झोपले. वीज वाचवा सांगणाऱ्यांनी पाणीही मोजावं.

गेज-पाना, वर्धा
वीस वर्षं एसी बसवायचं-दुरुस्तीचंच काम करून राहिलो. एसी नकोच, हे मला पटत नाही, पण लोक एसी घेतात चुकीचा. स्टार लेबलवरचा आयसीर आकडा, म्हणजे वर्षभरात किती विजेत किती थंडावा याचं माप, बाहेर २४ ते ४३ अंश आणि वर्षाला १६०० तास धरून काढलेला असतो. आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीवर, वर टिनाचं छप्पर, तिथं मे महिन्यात आउटडोअरभोवती, म्हणजे एसीच्या बाहेरच्या डब्याभोवती, ४३ च्या कितीतरी वर जाते. एक टन म्हणजे तासाला साडेतीन युनिट उष्णता बाहेर फेकायची ताकद, पण ती मोजली बाहेर ३५ अंश असताना. ऊन वाढलं की ताकद घटते. म्हणून वरच्या मजल्यावर दीड टन सांगतो आणि आउटडोअर उत्तरेला, मोकळ्या हवेत. बिल्डिंगच्या अरुंद डक्टमध्ये कोंबलं तर ते आपलीच गरम हवा परत ओढते.

ताई, एक सांगतो. दिवसा कूलर आणि रात्री त्याच खोलीत एसी, असं करू नका. भिंती, गादी, पडदे ओल धरतात. एसीचा जोर आधी ती ओल सुकवण्यातच जातो.

डोंबिवलीकर
शीर्षकात विदर्भ लिहिलंय ते बरं झालं. असाच सल्ला ऐकून आम्ही कूलर घेतला होता. इथे मे महिन्यात हवाच इतकी दमट की तो फक्त चादरी ओल्या करायचा. किनाऱ्याकडे पंखा आणि आडवा वारा, नाहीतर एसी. मधला मार्ग नाही.

निफाडचा
थंडीचंही बोला कोणी. आमच्याकडे पहाटे पारा चार-पाचवर येतो. रॉडचा हीटर एका युनिटात एका युनिटाचीच ऊब देतो, गरम-थंड एसी तेवढ्याच विजेत तिप्पट. वर्षभर कामाला येणार असेल तर तोच घ्यावा.

तिसरा मजला, नागपूर
ताई, पेशंटच्या खोलीबद्दलचा माझा आग्रह मागे घेतो. पाण्याचा विचार मी केलाच नव्हता, आमच्याकडे बोअर आहे. पण चुन्यावर ठाम आहे. एसी लावणाऱ्यालाही त्याचा तेवढाच फायदा. तुमच्यावर गच्ची आहे का?

लेक, अकोला
आहे, पण सोसायटीची. रविवारी मीटिंग आहे, तिथे विचारते. आणि गेज-पाना भाऊ, कूलर आजच बाबांच्या खोलीतून हॉलच्या खिडकीत हलवला.