आमदारांचा अधिवेशन-अहवाल: हिशेब की जाहिरात?

पाखाडीवरचा:
नागपूरचं अधिवेशन आटोपलं आणि दुसऱ्याच दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमदारसाहेबांचा अहवाल येऊन पडला. रंगीत, गुळगुळीत. साहेब पायऱ्यांवर फलक धरून, साहेब मंत्र्यांना निवेदन देताना. एवढे तारांकित प्रश्न, एवढ्या लक्षवेधी, एवढ्या कोटींची कामं मंजूर. खाली नमस्काराच्या हातांची रांग. ते हात बघून डोकं फिरलं म्हणून हा धागा.

त्यात आमच्या वाडीचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा पायपूल आहे. मार्चच्या अहवालात तो मंजूर होता, पावसाळी अधिवेशनानंतर 'पाठपुरावा सुरू', आता परत मंजूर. प्रत्यक्षात पट्ट्या गंजून खालचा वहाळ दिसतोय आणि पोरं शाळेला जाताना कठडा धरून एकेक पाय टाकतात. एकच काम किती वेळा मंजूर होतं?

प्रश्न विचारले म्हणता, तर उत्तरं का छापत नाही? ती विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात. एक काढून वाचलं. हे खरे आहे काय? अंशतः खरे आहे. असल्यास काय कारवाई केली? कार्यवाही सुरू आहे. नसल्यास विलंबाची कारणे काय? प्रश्न उद्भवत नाही. संपलं! आणि वर नावं दहा-बारा आमदारांची. प्रत्येकजण आपापल्या अहवालात तोच प्रश्न मोजणार.

सडेतोड_सावर्डे:
घरी बसून टीका करायला काय जातं? निदान हा माणूस प्रश्न तरी विचारतो. 288 जणांत तोंड न उघडणारे किती आहेत ते बघा आधी. त्यांचा अहवालही नाही आणि त्यांच्यावर धागाही नाही. काम करणाऱ्यालाच बोलायचं, ही आपली कोकणी खोड.

मुंबई-गोवा महामार्गाचा विषय साहेबांनी लावून धरला, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. तो राष्ट्रीय महामार्ग, केंद्राचा विषय. तरी बोलले.

निवृत्त_बाबू:
दोघेही दमाने घ्या. तीस वर्षं हेच कागद सरकवले आहेत.

पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा खर्चात, किंवा अर्थसंकल्पात कामाचं नाव आलं की आमदार मंजूर म्हणून छापतात. तिथे अंदाजित किंमत मोठी दिसते, यंदाची तरतूद शेजारच्या रकान्यात असते आणि ती कधीकधी अगदी नावापुरती. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि शेवटी काम सुरू करायचा कार्यारंभ आदेश. तो निघेपर्यंत काम कागदावरच. मध्येच सरकार बदललं तर स्थगिती, 2022 मध्ये आधीच्या सरकारच्या कामांना दिली होती तशी. त्यामुळे साकव दोनदा मंजूर होऊ शकतो. एकदा नाव आल्यावर, एकदा मान्यता मिळाल्यावर. त्यात खोटं काही नाही.

सावर्डेकर, महामार्गाचं मात्र चुकलं. पनवेल ते इंदापूर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, पण इंदापूर ते झाराप राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. म्हणजे चिपळूणला ऑक्टोबर 2023 मध्ये बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला, त्याचा जाब विधानसभेत विचारता येतो. केंद्राकडे बोट दाखवायची सोय नाही.

पाखाडीवरचा:
खोटं काही नाही म्हणे! बाबू, मग खरं काय आहे त्यात? कार्यारंभ आदेशाची तारीख छापायला किती शाई लागते?

रापणकार:
तुमचो रस्तो नि साकव रवांदे थयच. अहवालात मच्छीमारांसाठी एक ओळ आसा, 'एलईडी मासेमारीविरोधात आवाज उठवला'. समुद्रात मोठे दिवे लावून मासे ओढतत, ती ही मासेमारी. आवाज उठवून काय करतलास? 1981 चो सागरी मासेमारीचो कायदो 2021 मध्ये बदलल्यानी, तहसीलदाराचे अधिकार मत्स्य खात्याक दिल्यानी. कागद झालो. पण रात्री समुद्रात पकडूक जातलो कोण? आमी किनाऱ्यार उभे रवलव तर लायटी दिसतत. आमका दिसतत, त्येंका दिसनत नाय.

बागवाली:
रापणकारदादा, अगदी खरं. आणि आमच्या माकडांचं काय? पूर्ण अहवाल चाळला, माकड हा शब्द नाही. राजापुरात राहते मी. नारळ कोवळे असतानाच पाडतात, फणसाला नख लावून टाकून देतात, पडवळ-भोपळा लावणं तर सोडूनच दिलं. गेल्या वर्षी नुकसानीचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. तिथले विचारतात, "झाड मोडलंय का?" म्हटलं, झाड उभं आहे, नारळ गेले. "मग फोटो कशाचा काढणार?" माडाखाली पडलेली, दातांनी पोखरलेली शहाळी पिशवीत घालून नेली होती, ती टेबलावर ओतली. तेव्हा कुठे अर्ज घेतला. पुढे काही नाही.

डोंबिवली_ते_देवरूख:
माकडांना दोष देऊन काय उपयोग ताई? जंगल तोडलं कुणी? लाकूडतोडीचे ट्रक आम्ही गणपतीत येताना बघतो ना, रांगेने उभे असतात. माकडं जाणार कुठे?

बागवाली:
गणपतीत येताना बघता! बाकीचे अकरा महिने कोण बघतं? आमच्या शेजारची तीन घरं मुंबईकरांची, कुलूपबंद. परड्यात रान माजलंय, आंबा काढायला कुणी नाही, फणस झाडावरच पिकून पडतोय. माकडांना आयतं गोकुळ. तिथे टोळी राहते आणि जेवायला माझ्याकडे येते.

डोंबिवली_ते_देवरूख:
वा! म्हणजे माकडं पण आम्हीच पाळली. आमच्या बापाने गिरणीत राबून पाठवलेल्या मनीऑर्डरींवर ही गावं जगली, विसरू नका. आज तिथे नोकऱ्या असत्या तर लोकलला लोंबकळायची हौस आहे का कुणाला?

सडेतोड_सावर्डे:
मनीऑर्डरीचं पुराण किती वर्षं सांगणार? आता पाठवता काय, तर जमिनीच्या वाटपाची नोटीस. सात-बारावर सतरा नावं, सह्या करायला एकजण येत नाही. आमच्याकडे साकवाच्या जोडरस्त्याला जागा हवी होती, तर एका ठाणेकर काकांनी संमती अडवून धरली. चार हात कातळ, त्यावर गवतसुद्धा उगवत नाही! काम परत गेलं. त्याचं खापर मात्र आमदारावर.

डोंबिवली_ते_देवरूख:
संमती मागायला कुणी गेलं होतं का, की गुपचूप जेसीबी घातला आणि मग फोन केला? आमच्याकडे तेच झालं. आजीने लावलेली सुरंगी गेली त्यात. असो. तुमच्यासारख्यांशी बोलण्यात अर्थ नाही.

निवृत्त_बाबू:
धागा अधिवेशनाचा होता, आठवण करून देतो.

रापणकार:
बाबू, तुमी गप. आता खरी मजा येताहा.

पाखाडीवरचा:
सावर्डेकर, थांबा जरा. जागेच्या संमतीअभावी काम परत गेलं, असं तुम्हीच म्हणताय. मग हे अहवालात का नाही? साहेबांनी लिहावं की अमुक साकव संमतीपत्रासाठी अडलाय, तमुक निविदेत अडकलाय. मी स्वतः जाऊन त्या काकांच्या दारात बसेन. पण न झालेलं काम अहवालातून गायबच होतं. झालेलं पान भरून, अडलेलं शून्य.

आणि वर्षाचा 5 कोटी आमदार निधी कुठल्या वाडीत किती गेला, त्याची यादी द्यायला कुठलंही अधिवेशन लागत नाही.

सडेतोड_सावर्डे:
यादी जिल्हा नियोजन कार्यालयात मिळते, माहितीचा अर्ज टाका.

पाखाडीवरचा:
म्हणजे साहेबांचा फोटो घरपोच आणि हिशेबासाठी मी रत्नागिरीला खेटे घालू. छान.

सडेतोड_सावर्डे:
बरं, ठीक आहे. अडलेल्या कामांचं पान हवं, हे कार्यालयात सांगतो. पण एक सांगा, असं पान छापलं तर पहिला स्क्रीनशॉट काढून 'आमदार नापास' म्हणून फिरवणार कोण? तुम्हीच.

पाखाडीवरचा:
फिरवणारच. आधी छापा तरी.

बागवाली:
माकडांचं पण सांगा कार्यालयात. 1972 चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा केंद्राचा आहे हे उत्तर नको, ते मला तीनदा ऐकवून झालंय. नुकसानभरपाई राज्य देतं. नारळ गेला तर पंचनामा कसा करायचा, एवढंच लेखी आणा. आणि डोंबिवलीकर, राग नका धरू, पण मे महिन्यात आलात की तेवढं परडं साफ करून घ्या.

डोंबिवली_ते_देवरूख:
गडी मिळवून द्या, करतो. रोज काय घेतात हल्ली?