मदत हवी आहे : क्षयरोगाचा रुग्ण आवणीला गावी चाललाय, गोळ्यांचं काय करायचं?

नाशिकमधल्या आमच्या सातपूरच्या वस्तीतला एक बिगारी कामगार, वय ३४, मूळचा पेठ तालुक्यातला. फुफ्फुसाचा टीबी, साधा, औषधांना दाद देणारा. उपचार सुरू होऊन अडीच महिने झालेत. वजन ४१ किलो, रोज तीन गोळ्या. दोन महिन्यांनंतरची थुंकी निगेटिव्ह आली, खोकलाही थांबला. आणि इथेच मला भीती वाटते, कारण तो म्हणतो, "ताई, आता बरा झालो की." अजून साडेतीन महिने बाकी आहेत हे बायकोला पटलंय. पत्र्याच्या डब्यात तांदळावर गोळ्यांची पाकिटं ठेवते, रोज स्वतः काढून देते.

पुढच्या आठवड्यात दोघं भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, पाड्यावर जाणार, दीड महिना तरी. थांबा म्हणता येत नाही, शेत पडीक राहील.

निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंदणी आहे, पोषणाचे महिना १००० रुपये खात्यात येतात. केंद्रावर दोनदा जाऊन आले. एकदा "तिकडे ट्रान्सफर करू" म्हणाले, दुसऱ्यांदा "पंधरा दिवसांच्याच गोळ्या मिळतील". पाड्यावर मोबाईलला रेंज नाही, प्राथमिक आरोग्य केंद्र पायी दोन तास. त्यामुळे फोनवरून आठवण करण्याचा उपाय सुचवू नका.

पेठ, सुरगाण्याकडे असे रुग्ण सांभाळलेल्या आशाताई, टीबीचे कर्मचारी इथे असतील तर सांगा : दीड महिन्याच्या गोळ्या सोबत मागून घ्याव्यात की ट्रान्सफरच करावी? आणि ट्रान्सफर केली तर तिकडे गोळ्या हातात पडेपर्यंत किती दिवस जातात?