'रुक्मिणी'चा नेमका अर्थ काय? आणि 'रखुमाई' कुठून आली?

वेलांटी:
नावांच्या याद्यांत 'रुक्मिणी'चा अर्थ कुठे 'सोने', कुठे 'लक्ष्मी' असा दिलेला असतो. बरोबर कोणता? 'रखुमाई' हे त्याचंच रूप ना? रखु म्हणजे राखणारी, असंही वाचलं.

जुनीपोथी:
'सोने' हे अर्धंच बरोबर. रुच् म्हणजे चकाकणे, त्यावरून रुक्म. वेदात रुक्म म्हणजे छातीवर रुळणारा सोन्याचा दागिना. ऋग्वेदात मरुतांना (वादळाच्या देवांना) 'रुक्मवक्षस्', म्हणजे छातीवर रुक्म असलेले, म्हटलंय ते त्यामुळेच. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात रुक्म हा शब्द थेट सोन्याच्या पर्यायांत येतो. रुक्माला 'इन्' प्रत्यय लागून रुक्मिन्, म्हणजे रुक्म असलेला. त्याचं स्त्रीलिंग रुक्मिणी. थोडक्यात, सोनं नव्हे, सोनं ल्यालेली. भावाचं नाव रुक्मी, तोच शब्द पुल्लिंगात.

'लक्ष्मी' हा शब्दार्थ नाहीच. रुक्मिणीला लक्ष्मीचा अवतार मानतात, तेवढ्यावरून यादीवाल्यांनी ठोकून दिलंय.

कानामात्रा:
'ण'बद्दल भर. मूळ 'इन्'मधला न. आधी त्याच पदात र असल्यामुळे त्याचा ण झाला. मध्ये स्वर, क-वर्ग, प-वर्ग, य, व, ह आले तरी हा नियम अडत नाही, आणि इथे क आणि म आहेत. 'अर्जुन'मध्ये ज आडवा येतो, म्हणून तिथे न तसाच. लिहिताना रु ऱ्हस्व, मि ऱ्हस्व, णी दीर्घ. 'रुक्मीणी' ही नेहमीची चूक.

रखुमाई त्याच नावाची. गंमत म्हणजे प्राकृतात 'क्म'चा 'प्प' होऊन 'रुप्पिणी' होतं, त्या वाटेनं रखुमाई येत नाही. ती संस्कृत रूपच बोलण्यात मोडून झाली: 'क्म' फुटून मध्ये उ आला, क चा ख झाला, शेपटाचं 'इणी' गळलं. पुढे विठाईसारखी 'आई' जोडली. ज्ञानदेवांच्या अभंगांतल्या 'बाप रखुमादेवीवरु'मध्ये आई नाही, देवी आहे. म्हणजे गाभा 'रखुमा' एवढाच. 'राखणे'वरून काढलं तर हा म कुठून आणणार?

वेलांटी:
मग 'रखमा' अशुद्ध म्हणायचं का?

जुनीपोथी:
छे! उ गळलेलं चालतं रूप आहे. डॉ. रखमाबाई (1864–1955) यांचं नाव असंच लिहितात, आणि पुरुषांत रखमाजी आहेच. फक्त कागदपत्रांवर एकच रूप ठेवा. एकीकडे रखमा, दुसरीकडे रुक्मिणी असलं की ती दोन वेगळी नावं धरली जातात.