१९५८ ची मर्सिडीज मूळ रंगात: घ्यावी का?

प्रश्न: सोलापुरात सात रस्त्याजवळ १९५८ ची मर्सिडीज २२०एस विक्रीस आहे. रंग कारखान्यातलाच असल्याचे मालक सांगतात, मात्र डाव्या मडगार्डची छटा मला किंचित वेगळी वाटली. खात्री कशी करावी?

उत्तर १: मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक मडगार्डवर फिरवा, जिथे ते चिकटत नाही, तिथे बहुधा पुट्टी भरलेली असते. डिकीतली चटई उचलून तिथला रंगही ताडून पाहा.

उत्तर २: माझ्या मते आधी कागदपत्रे पाहा. ५० वर्षांवरील गाडीची २०२१ च्या नियमांनुसार २०,००० रुपये भरून व्हिंटेज नोंदणी होते, पण मग ती रोज बाजारात नेता येत नाही.

प्रश्नकर्ता: आज पाहिले. दिव्यामागे वीतभर भागात चुंबक चिकटले नाही. डिकीतला रंग मात्र छतासारखाच आहे. भाव कमी करून मागणार आहे.